दांतेची साक्षीदार

निडियाच्या घरी सकाळ व्हायची ती कॉफीच्या वासाने. लाकडी घोडीवर अडकवलेल्या कापडी पिशवीतून काळी कॉफी गळायला लागायची, शेजारच्या कढईत कालचा भात आणि काळा घेवडा कांद्यावर परतला जायचा, आणि त्या चुरचुरीने आधी कुत्रा, मग कोंबड्या, मग नवरा असे सगळे जागे व्हायचे. त्या दिवशी मात्र नवरा आधीच जागा होता. डावा पाय स्टुलावर टाकून तो चुलीपाशी बसला होता आणि अधूनमधून, कुणाचं लक्ष आहे असं वाटलं की कण्हत होता.

आबेलिनोने उभा जन्म शेवाळलेल्या दगडांवरून लोकांना धबधब्यावर नेण्यात घालवला, पण कधी साधं खरचटलं नव्हतं. आणि परवा घरामागच्या धुण्याच्या दगडापाशी, सांडलेल्या साबणाच्या पाण्यावरून, तो थेट लिंबाच्या झाडापर्यंत घसरत गेला. घोटा आता पपईएवढा झाला होता.

"साबण तुमचा होता," तो म्हणाला.

"पाय तुमचा होता," निडिया म्हणाली आणि तव्यावरची मक्याची पोळी उलटली.

"तुम्ही जरा सरका हो तिकडे," हे तो कुत्र्याला म्हणाला. सान रोकितो गावात नवरा बायकोला अहोजाहो करतो, आई मुलाला करते, तर कुत्र्याने काय घोडं मारलंय?

तेवढ्यात दार वाजलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गावातलं माणूस दार वाजवत नाही. ते कुंपणापासूनच 'उपेऽऽ' अशी लांबलचक हाक घालतं आणि कॉफीचा वास काढत सरळ आत येतं. दार वाजलं याचा अर्थ बाहेरचं कुणीतरी.

बाहेर दोन बायका उभ्या होत्या, दोघी साठीच्या पुढच्या, दोघींच्या अंगात लोकरीचे स्वेटर. कार्तागोच्या थंडीतून निघालेल्या आणि इथल्या उकाड्यात उतरलेल्या. उंच, ताठ होती ती फ्लोरिबेत, निवृत्त शाळामास्तरीण. गुबगुबीत, घाम पुसत असलेली ती तिची धाकटी बहीण सेनेइदा. तिचं बटणं नि दोऱ्यांचं दुकान होतं. टॅक्सीवाला त्यांना सोडून गेला होता आणि दुपारी परत येणार होता.

"डॉन आबेलिनो, ओळखलंत का?" फ्लोरिबेतने विचारलं.

त्याने ओळखलं. काही वर्षांपूर्वी ही बाई शाळेतल्या मैत्रिणींबरोबर आली होती. परवाच तिचा फोनही आला होता, आणि या या, मी आहे ना, असं त्यानेच सांगितलं होतं. त्यानंतर साबणाचं प्रकरण झालं आणि फोनचं डोक्यातून गेलं.

पोळ्या वाढल्या, कॉफी ओतली, घोट्याचं दर्शन झालं. सेनेइदाने हळहळून आपल्या भाच्याच्या घोट्याची हकिकत सांगितली. फ्लोरिबेत मात्र घोट्यासाठी आली नव्हती. मी हिला रानातल्या त्या जनावराची, दांतेची गोष्ट इतक्यांदा सांगितलीय, ती म्हणाली, की हिला ती माझ्यापेक्षा चांगली येते. पण तुमच्या तोंडून ऐकायची आहे आणि ती जागा डोळ्यांनी बघायची आहे.

आबेलिनोला तेवढं पुरे होतं. त्याने पाय स्टुलावर नीट ठेवला आणि सुरुवात केली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तो आणि निडिया पहाटेच निघाले. धुकं असं की पुढचा हात दिसेना. धारेपाशी पोचतात तो काय, पाण्यात दांता उभी. गाढवाएवढं अंग, डुकरासारखी पाठ, सोंड फुटायला लागून अर्ध्यात विसरल्यासारखं नाक. आणि शेजारी पिल्लू, कलिंगडासारखं पट्ट्यापट्ट्यांचं. दांता धारेखाली डोकं धरून उभी होती, बाईमाणसाने न्हावं तशी.

"आणि हिने," तो निडियाकडे बोट दाखवून म्हणाला, "माझा दंड असा धरला, असा धरला, की नखं रुतली. हे बघा, वण अजून आहेत."

त्याने बाही वर केली. तिथे खरंच चार वण होते. बहिणींनी आधी वण बघितले, मग निडियाची नखं.

निडियाने नेहमीसारखी मान हलवली. ते वण चावारियांच्या गोठ्याच्या काटेरी तारेचे होते. तिनेच त्यावर आयोडिन लावलं होतं.

आणि खरी गोष्ट अशी होती की निडिया त्या धबधब्यावर कधी गेलीच नव्हती.

तिला कुणी अडवलं होतं असं नाही. ती ग्वानाकास्तेच्या कोरड्या, गुराढोरांच्या मुलखातून लग्न होऊन इथे आली. आल्या आल्या थोरली पोटात राहिली. मग धाकटा. मग सासूबाई आजारी पडल्या, त्या चांगल्या पुरवून पुरवून आजारी राहिल्या. तोवर शहरातून लोक धबधबा बघायला यायला लागले होते, आणि आबेलिनो त्यांना घेऊन गेला की परत येणाऱ्यांसाठी चुलीपाशी कुणीतरी हवंच. उद्या जाऊ, पावसाळा संपला की जाऊ, असं करता करता एक दिवस तिने व्हरांड्यातून ऐकलं, की आपण तर जाऊन आलोय. दांताही बघितलीय. त्या दिवशी तिला हसू आलं. पाहुण्यांसमोर नवऱ्याला खोटं कशाला पाडायचं म्हणून ती गप्प बसली. पुढच्या खेपेला गोष्टीत धुकं आलं, त्याच्या पुढच्या खेपेला नखं आली. आणि एकदा बघून झालेली जागा पहिल्यांदा बघायला जायचं तरी कसं? लेक लग्न होऊन गेली, मुलगा बंदरात कामाला लागला, चुलीवरचं भांडं लहान झालं, तरी ती गेली नाही. जी बाई नवऱ्याइतकीच दांतेजवळ उभी होती म्हणतात, तिने गावकऱ्यांना वाट काय विचारावी?

"त्यात काय," आबेलिनो आता बहिणींना सांगत होता. "मी नाही तर नाही. निडिया नेईल की तुम्हाला. तिला वाट माझ्याइतकीच पाठ आहे."

निडियाच्या हातातला पेला घंगाळात पडला.

ती खोलीत गेली. आबेलिनो लंगडत मागोमाग आला, टोपी शोधून द्यायला. ती हळूच म्हणाली की मला कुठली हो वाट ठाऊक. त्याने तिच्याकडे नवलाने पाहिलं. "असं काय करता? आला होतात की तुम्ही." आणि निडियाने त्याच्या डोळ्यांत नीट बघितलं, तांदळात किडा आहे का बघावं तसं. खोटेपणाचा लवलेश नव्हता. गोष्ट सांगून सांगून या माणसाला ती खरीच वाटायला लागली होती.

आता नाही म्हणावं, तर दोन परक्या बायकांसमोर नवऱ्याची सगळी पत जाणार. जावं, तर वाट चुकणार आणि पत जाणारच, शिवाय आपलीही. तिने त्याचे रबरी बूट घेतले, पुढे चिंध्या कोंबल्या, हातात कोयता धरला आणि निघाली.

एका अर्थाने वाट तिला पाठ होतीच. आबेलिनोबरोबर न जाता आपापलं जाणाऱ्या पोराटोरांना तो कुंपणावरून वाट सांगायचा, आणि ते तिने इतकी वर्षं ऐकलं होतं. जिथे उंबर होता तिथून डावीकडे. तोबियासचं गुऱ्हाळ होतं तिथे ओढा ओलांडायचा. चावारियांचा बैल बुडाला तिथून वर चढलं की आलीच धार. सान रोकितोत वाट अशीच सांगतात. आहे त्या वस्तूवर कुणाचा भरवसा नाही. नसलेली वस्तू जागची हलत नाही. अडचण एवढीच, की उंबर निडिया लग्न होऊन यायच्या आधी पडला होता, गुऱ्हाळ त्याच्याही आधी मोडलं होतं, आणि बैल तर तिच्या सासूच्या तरुणपणी वारला होता.

रानात शिरल्यावर थोडा वेळ बरं गेलं. पानांचे तुकडे डोक्यावर धरलेल्या मुंग्यांची मिरवणूक वाटेतून चालली होती, सेनेइदाने तिला रस्ता दिला. मग एका ठिकाणी उजेड एकदम खाली उतरला. सगळीकडे दाट सावली आणि इथे आकाशाचा मोठा तुकडा. मोठं झाड पडल्याशिवाय रानात एवढं भोक पडत नाही, असा निडियाने हिशेब केला. तिथे बारीक, सरळसोट नवी झाडं वाढली होती आणि एका झाडावर आळसोबा, ते सदा झोपाळू, संथ जनावर, लटकला होता, पोटावर पाय घेऊन. त्याने मान वळवून तिघींकडे पाहिलं. मान वळेपर्यंत फ्लोरिबेतचं पाणी पिऊन झालं होतं.

"इथे उंबर होता," निडिया म्हणाली. "इथून डावीकडे."

फ्लोरिबेत कौतुकाने म्हणाली की बघ सेनेइदा, याला म्हणतात आपल्या मातीची माहिती.

डावीकडची वाट चढायला लागली. चढतच राहिली. ओढा काही येईना. फ्लोरिबेतला मात्र प्रश्न यायला लागले. दांता बघितली त्या दिवशी तुम्ही याच वाटेने आला होता का? पिल्लू उजव्या हाताला होतं की डाव्या? दांतेने तुमच्याकडे बघितलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं? बाईंनी सगळा जन्म मुलांना उलटसुलट विचारण्यात काढला होता, त्यांना एका उत्तराने भागत नसे. निडिया म्हणाली की धुकं फार होतं. पुढच्या प्रश्नालाही धुकंच होतं. तिसऱ्या वेळी सेनेइदा म्हणाली, "अगं, तिला श्वास तरी घेऊ दे. किती ते धुकं काढशील तिच्याकडून."

मग निडिया एकाएकी थांबली आणि दोन्ही हात पसरून तिने मागच्या दोघींना अडवलं. वाटेच्या कडेला वाळल्या पानांचा ढीग होता, शेकडो ढिगांसारखा एक. पण घेवडा निवडताना खडा दिसावा तसं तिला त्यात काहीतरी निराळं दिसलं होतं. ढिगाची कड जरा जास्तच नीट होती. मखमल्या साप वेटोळं घालून पडला होता, तपकिरी अंगावर त्रिकोणी नक्षी, डोकं मधोमध. तो चिडला की सोडत नाही. तिघी मागे मागे सरकल्या, मोठा वळसा घालून पुढे गेल्या, आणि कितीतरी वेळ कुणी प्रश्न विचारला नाही.

पुढचा प्रश्न माकडांनी विचारला. डोक्यावरच्या झाडातून एकदम अशी डरकाळी उठली की सेनेइदाने कुंपणावरून शेजारणींना हाक मारावी तशी तीन संतांना एकदम हाक मारली. काळी, दाढीवाली माकडं होती, मांजरापेक्षा थोडी मोठी. आवाज मात्र बैलाचा. आपल्या झाडाखाली कोण आलं म्हणून त्यांनी वरून हवं ते केलं, आणि ते सगळं सेनेइदाच्या टोपीवर पडलं.

"माझ्याच?" ती म्हणाली. "फ्लोरी एवढी उंच आहे, तिच्या नाही?"

"नेम धरायला रुंदी लागते," थोरली बहीण म्हणाली.

हसता हसता निडियाच्या लक्षात आलं की वाट संपलीय. समोर नुसता कडा होता, खाली झाडांचे शेंडे, आणि त्या शेंड्यांच्या तळाशी कुठेतरी पाणी वाजत होतं. म्हणजे धार खाली होती आणि तिघी डोंगराच्या वर येऊन बसल्या होत्या. तो उजेड उंबराचा नव्हता. आता सांगून टाकावं, असं तिने ठरवलं. तोंडही उघडलं.

"हे बघा," फ्लोरिबेत किंचाळली, ती गुडघ्यांवर बसली होती. "हे बघा, तीन बोटं."

ओल्या मातीत ठसे होते, ताटलीएवढे, रुतलेले. आणि ठशांमागे ठसे, सरळ उतारावरून खाली, झुडपांतून बोगदा पाडल्यासारखी रुंद वाट. दांता जड जनावर. ती वळसे घेत बसत नाही, पाण्याचा वास आला की सरळ उतरते. निडियाने खाली पाहिलं. दुसरी वाट तिच्याजवळ नव्हतीच.

"इथूनच उतरायचं," ती म्हणाली, आणि घर सोडल्यापासूनचं तिचं हे पहिलं खरं वाक्य होतं.

त्या उतरल्या म्हणण्यापेक्षा बसून घसरल्या. मुळं धरून, झुडपांत अडकलेले एकमेकींचे स्वेटर सोडवत, फ्लोरिबेत सगळ्यात पुढे, कारण तिला ठसे सोडवत नव्हते. तळाशी एक सपाट खडक होता. निडिया त्यावर उभी राहिली, वर बघितलं, आणि तशीच राहिली.

धार आबेलिनोच्या हातवाऱ्यांपेक्षा पुष्कळच लहान होती. तो दोन्ही हात फाकवायचा. ही तर वाळत घातलेल्या धोतराएवढी, काळ्या दगडावरून सुटलेली. खाली हिरवा डोह. वाऱ्याची झुळूक आली की धार जरा बाजूला व्हायची आणि परत जागेवर यायची. पाल्यासारखा हिरवा एक सरडा मागच्या दोन पायांवर डोहाच्या पाण्यावरून तुरुतुरु पळत गेला, बुडायचं विसरून. आणि तो आवाज. पावसाळ्यात उशीवर कान टेकला की डोंगरातून एक गुरगुर यायची. इतकी वर्षं ती त्या आवाजात झोपली होती, त्यात मुलं निजवली होती, सासूला औषध पाजलं होतं. तो हा होता. इथून येत होता.

फ्लोरिबेत ठशांचे फोटो काढत होती. सेनेइदा टोपी धुवायला वाकली होती, ती वाकलेलीच निडियाकडे बघत राहिली. दुकानात बसणाऱ्या बाईला माणसाचा चेहरा वाचता येतो. कुणाला दोरा हवाय आणि कुणाला नुसतं बोलायचंय, ते तिला दारातून कळतं.

"डोन्या निडिया," ती हळूच म्हणाली, "तुम्ही हे पहिल्यांदा बघताय."

निडियाला धुकं काढता आलं असतं. तिने नाही काढलं.

"हो," ती म्हणाली.

फ्लोरिबेतने कॅमेरा खाली केला. पहिल्यांदा म्हणजे काय, तिने विचारलं, आणि निडियाने सगळं सांगितलं; थोरलीपासून सासूबाईंपर्यंत, आयोडिनसकट. सेनेइदाला हसू आवरेना. फ्लोरिबेतचा मात्र चेहरा उतरला. मास्तरीणबाईंनी ही गोष्ट अर्ध्या कार्तागोला सांगितली होती. शेजारणींना, पाद्रीबाबांना, शाळेच्या निरोप समारंभात व्यासपीठावरून. ती खडकावर बसली आणि म्हणाली की मग दांताही नव्हतीच म्हणायची. तो माणूस बनवतो लोकांना. घरी जाऊन मला सगळ्यांना सांगावं लागेल.

निडियाला एकदम तो दिवस आठवला. धुकं नव्हतं, चांगलं ऊन होतं. आबेलिनो कुंपणावरून उडी मारून आला होता, टोपी नाही, एक बूट नाही, तोंड उघडं, आणि दारात उभा राहून नुसता हात हलवत होता. तिला तेव्हा मळमळत होतं. ती म्हणाली होती, आधी पाय धुवा.

"दांता खरी आहे," ती फ्लोरिबेतला म्हणाली. "ते ती बघून घरी आले तेव्हा मी त्यांचं तोंड बघितलंय. त्या गोष्टीतली दांता खरी आहे हो. मीच तेवढी खोटी आहे."

फ्लोरिबेत काही बोलणार होती, पण निडियाने हात वर केला. डोहाच्या पलीकडच्या कडेला पाणी फुगलं, आणि त्यातून एक चपटं डोकं वर आलं. मिशा, बारके कान, काळे मणी असावेत तसे डोळे. पाणमांजर. मागून आणखी दोन डोकी आली, लहान. आईच्या तोंडात मासा होता. ती खडकावर चढली, मासा दोन्ही पंजांत धरला आणि कडाकडा चावायला लागली, ओल्या पापडाचाही आवाज काढणाऱ्या माणसासारखी. पिल्लं तिच्या अंगावरून घसरून पाण्यात पडत होती आणि परत चढत होती. मध्येच तिने चावणं थांबवलं आणि सरळ निडियाकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. परक्या स्वयंपाकघरात कोण डोकावतंय असं बघावं तसं. मग पुन्हा मासा.

माणसं नेहमी पलीकडच्या काठाने येत, बोलत, हसत, पाण्यात दगड टाकत. या बाजूने कुणी येत नसे. म्हणून तिला या बाजूची धास्ती नव्हती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पाणमांजर पिल्लांना घेऊन डोहात उतरली, बुडबुड्यांची एक रेघ धारेखाली गेली आणि संपली.

"सोडा आता," सेनेइदा कुजबुजली. निडियाने तिचा दंड धरला होता. सोडल्यावर तिथे चार लाल खुणा उमटल्या होत्या. सेनेइदाने त्या बहिणीला दाखवल्या आणि मग तिघींनाही इतकं हसू आलं की मागे काय चाललंय ते कळलं नाही. मागे लांब नाकांची, पट्टेदार शेपट्या उभ्या धरलेली पिसोतेंची टोळी सेनेइदाची पिशवी उघडून बसली होती. केळीच्या पानांत बांधलेले मक्याचे तामाल त्यांनी दोरे सोडून, पानं बाजूला सारून, जेवणावळीसारखे खायला घेतले होते. फ्लोरिबेतने वर्गात घालायची ती हाक घातली. दोन पिसोते दचकून सरळ बसले. बाकीचे जेवत राहिले.

परतताना त्या डोहाच्या तोंडाशी दगडांवरून पाणी ओलांडून नेहमीच्या वाटेला लागल्या. आता सगळं उलट्या बाजूने भेटत गेलं. खोल, गोल वळण, तिथे बैल बुडाला असणार. ओढ्याकाठी रानटी झालेला उसाचा झुबका, म्हणजे गुऱ्हाळ. आणि उंबर तर किती पुढे, गावाच्या अगदी जवळ. तिथे नेच्यांनी भरलेला एक खड्डा होता, खोलीएवढा. फ्लोरिबेतने वाटेत एकदाही कॅमेरा काढला नाही. कुंपण दिसल्यावर म्हणाली, "मी कुणाला काही सांगणार नाही. पण ती नखांची गोष्ट मला परत सांगता येणार नाही, एवढं ध्यानात ठेवा."

आबेलिनो कुंपणाला धरून एका पायावर उभा होता. कुत्रा त्याच्याशेजारी. किती उशीर, गुऱ्हाळापाशी पाणी जास्त होतं का, बैलाच्या चढावर कुणी पडलं का, त्याने सगळं एका दमात विचारलं. कॉफी झाली. तो पुन्हा दांतेवर आला. कशी उभी होती, कुठे उभी होती, विचारा हिला.

फ्लोरिबेत आपल्या पेल्यात बघायला लागली. सेनेइदाने दंड चोळला.

"पाणमांजर होती," निडिया म्हणाली. "पिल्लांसकट. मासा खात होती."

पाणमांजर? आपल्या धारेवर? आबेलिनो हसला. मी इतकी वर्षं जातोय, तो म्हणाला, तिथे पाणमांजर नाही. सेनेइदा म्हणाली की आम्ही तिघींनी बघितली. त्याने तिघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाला की मग ती खालच्या नदीतून आली असेल, आजच्या दिवस. टॅक्सीने हॉर्न वाजवला. बहिणी उठल्या. जाताना फ्लोरिबेतने निडियाच्या दोन्ही गालांना गाल लावले आणि दांतेच्या ठशांचा एक फोटो पाठवीन म्हणाली.

धूळ खाली बसल्यावर निडियाने नवऱ्याचे बूट काढले, चिंध्या बाहेर काढल्या आणि त्याच्या समोर बसली.

"मी आज पहिल्यांदा गेले," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर मी कधी आले नव्हते."

तो हसायला लागला, मग थांबला. तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "मग दांता बघितली तेव्हा माझ्याबरोबर कोण होतं?"

"तेच मला विचारायचंय."

त्याने बाही वर केली, वणांवरून बोट फिरवलं. कितीतरी वेळ तो आठवत होता, घरात वस्तू शोधावी तसा, इकडे बघ, तिकडे बघ. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"एकटाच होतो," तो म्हणाला. "पळत आलो होतो तुम्हाला सांगायला. तुम्ही पाय धुवा म्हणालात. मग तुम्हाला उलटी झाली, मग आई हाका मारायला लागली. सांगायचं राहूनच गेलं बघा." बाही खाली ओढत तो म्हणाला, "एकट्याने बघितलेलं कुणाला खरं वाटत नाही हो. मलाच वाटेना. तुम्हाला घेतलं तेव्हा खरं वाटायला लागलं."

निडियाला राग यायला हवा होता. तो आला नाही, म्हणून तिला स्वतःचाच थोडा आला. तिने त्याचा पाय उचलून स्टुलावर नीट ठेवला, घोट्यावर हात फिरवून सूज पाहिली.

"माझं एक ऐका," ती म्हणाली. "दांतेची गोष्ट सांगायची तितकी सांगा. पण यापुढे तिच्यात मला घेऊ नका."